कूलरचा रिव्ह्यू आणि आपली खोली : आकडा वाचण्याआधी विचारायचे सहा प्रश्न



मागच्या आठवड्यात एका ज्युनियरचा मेसेज आला. "ताई, घरीच पीसी असेंबल करतोय. प्रोसेसर रायझन ५ ५६०० ठरलाय. कूलर कोणता घेऊ? या व्हिडिओत एक नंबरला आलेला घेतला तर चालेल ना? रॅम ३२ च्या ऐवजी १६ जीबी घेतली की पैसे बरोबर बसतात."

वाचून आधी हसू आलं आणि मग जरा धस्स झालं. हसू यासाठी, की आमच्या नागपुरात 'कूलर घ्यायचाय' म्हटलं की घरचे पहिल्यांदा विचारतात, टाकी किती लिटरची? आणि धस्स यासाठी, की पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी नेमकं हेच केलं होतं. फेलोशिपचे थकलेले हप्ते एकदम हातात आले, एक व्हिडिओ बघितला, त्यातला 'विजेता' डबल टॉवर कूलर मागवला. बसवायला गेले तर कॅबिनेटचं झाकण लागेना. कूलरची उंची मी बघितलीच नव्हती. तो अख्खा उन्हाळा मशीन उघडंच चाललं, धूळ खात. तापमान मात्र मस्त उतरलं होतं. पण माझी सिम्युलेशन? ती संपायला जेवढा वेळ आधी लागायचा, जवळपास तेवढाच नंतरही लागला. जो काही फरक पडला, तो एकाच रनच्या दोन फेऱ्यांमध्ये तसाही पडतो, त्यात हरवून गेला. आणि मोठं मॉडेल लावलं की रॅम कमी पडून रन मरायचा. म्हणजे पैसे कुठे घालायला हवे होते ते मशीन मला रोज सांगत होतं.

आज या ज्युनियरच्या निमित्ताने त्या प्रकारच्या रिव्ह्यूची नीट चिकित्सा करू. एका चॅनेलचं नाव घेत नाही, कारण दोष एकाचा नाही. त्या अख्ख्या लेखनप्रकाराची ती सवय आहे. आणि तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल, पेट किंवा नेट देत असाल, पहिला लिटरेचर रिव्ह्यू लिहायला बसला असाल, तर हा लेख कूलर घ्यायचा नसला तरी वाचा. पेपर वाचताना आपण जिथे फसतो, नेमके तेच खड्डे इथे आहेत. फक्त इथे पडलात तर किंमत रुपयांत कळते.

रिव्ह्यूमध्ये असतं काय?

साचा ओळखीचा आहे. दहा-बारा कूलर. एक दणकट प्रोसेसर. सिनेबेंचसारखा एखादा प्रोग्राम चालवून प्रोसेसरचे सगळे कोर कामाला लावायचे, दहाएक मिनिटांनी तापमान नोंदवायचं, मग दुसरा कूलर. शेवटी आडव्या पट्ट्यांचा चार्ट. सगळ्यात कमी तापमानवाला वर, हिरव्या रंगात. सगळ्यात जास्तवाला खाली. वरच्याला 'विनर', खालच्याला 'टाळा'. कोपऱ्यात बारीक अक्षरात खोलीचं तापमान, तेही लिहिलं असेल तर.

यात खोटं काहीच नाही, हे आधी मान्य करू. आकडे प्रामाणिक असतात, मेहनत खरी असते. माझी तक्रार वेगळी आहे. त्या प्रयोगाचा प्रश्न आणि तुमचा प्रश्न एक नाही, आणि चार्ट बघताना हे कोणीच सांगत नाही. तर मग आपणच विचारायचं.

प्रश्न पहिला : खोली कोणती?

कूलर हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त चिपमधली उष्णता हवेत नेऊन सोडतो. त्यामुळे चिपचं तापमान साधारण असं निघतं : आत येणाऱ्या हवेचं तापमान, अधिक प्रोसेसर खात असलेले वॅट गुणिले थर्मल रेझिस्टन्स. थर्मल रेझिस्टन्स म्हणजे उष्णतेच्या वाटेतला अडथळा, एकेका वॅटमागे किती अंश चढतात तो आकडा. ओहमचा नियम आठवा. व्होल्टेजच्या फरकाच्या जागी तापमानाचा फरक, करंटच्या जागी उष्णतेचा प्रवाह. बस.

आता हिशोब करू. ५६०० हा ६५ वॅटचा प्रोसेसर म्हणून विकला जातो. कंपनीने त्याला सॉकेटमधून घ्यायला दिलेली कमाल मर्यादा ७६ वॅटची आहे. समजा, डब्यासोबत फुकट येणाऱ्या कूलरने एकूण अडथळा ०.७५ अंश प्रति वॅट होतो, साध्या सिंगल टॉवरने ०.५० आणि महागड्या डबल टॉवरने ०.४५. हे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत, मोजलेले नाहीत. गणित कसं चालतं ते बघायचंय.

७६ वॅटवर फुकटचा कूलर ५७ अंश चढवेल, सिंगल टॉवर ३८, डबल टॉवर ३४. रिव्ह्यूवाल्याच्या एसी खोलीत २२ अंश असतील तर चिप अनुक्रमे ७९, ६० आणि ५६ वर जाईल. चार्टवर फुकटचा कूलर तळाला दिसेल, पण काम करेल. त्या चिपची मर्यादा ९० अंशांच्या आसपास आहे.

आता हेच मशीन मे महिन्यात नागपुरात, वरच्या मजल्यावरच्या खोलीत आणा. खोली ४०, कॅबिनेटच्या आतली हवा त्याहून थोडी गरम, ४५ धरू. फुकटच्या कूलरला १०२ अंश लागतील. म्हणजे चिप मर्यादेला टेकेल आणि स्वतःला आवरतं घेईल. सिंगल टॉवर ८३ वर, डबल टॉवर ७९ वर. दोघेही मर्यादेच्या आत.

बघा, काय झालं? "स्टॉक कूलर पुरतो" हे वाक्य २२ अंशांत खरं होतं, ४५ मध्ये खोटं ठरलं. आणि "डबल टॉवरच घ्या" हे वाक्य दोन्हीकडे फारसं कामाचं नव्हतं. खोलीचं तापमान सांगितलं नाही तर दोन्ही सल्ले अर्धवट. म्हणूनच चांगले चाचणीकार थेट तापमान न सांगता खोलीपेक्षा किती अंश वर, तो फरक सांगतात. गेमर्स नेक्सससारखा गट ही शिस्त पाळतो, आणि असा फरक दिलेला असला की तुम्ही त्यात तुमच्या खोलीचा आकडा मिळवू शकता.

पेपर वाचताना याचंच नाव 'अटी'. पद्धत कोणत्या नमुन्यावर, कोणत्या तापमानाला, कोणत्या वयोगटात, कोणत्या हंगामात वापरली? माझ्या पहिल्या सेमिनारमध्ये मी एका पद्धतीला 'सर्वोत्तम' म्हटलं होतं. गाईड सरांनी एवढंच विचारलं, "कुठे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

प्रश्न दुसरा : वॅट कोणाचे?

रिव्ह्यूमध्ये सहसा दणकट प्रोसेसर लावतात. का, ते कळतं. जास्त उष्णता असली की कूलरमधला फरक उठून दिसतो. वरच्या उदाहरणात दोन टॉवरमधला फरक ०.०५ अंश प्रति वॅट आहे. २०० वॅटच्या प्रोसेसरवर तो १० अंश दिसेल. तुमच्या ७६ वॅटवर चारच्याही आत. चार्टवरची पट्टी मात्र १० अंशांची आहे, आणि तुम्ही पैसे त्या १० अंशांचे देताय.

प्रयोग करणाऱ्याने भिंग लावलं, यात गैर काही नाही. भिंगातून दिसलेला आकार आपण खरा आकार समजून घरी नेला, ही आपली चूक.

आणि वॅट या शब्दाचा गोंधळ तर वेगळाच. कूलरच्या डब्यावर मोठ्ठं छापलेलं असतं, '२०० वॅट टीडीपी', '२२० वॅट टीडीपी'. चांगलं आहे, पण किती अंश चढवून? हवा किती गरम असताना? ते नसेल तर या आकड्याला अर्थ नाही. कुठलाही लोखंडाचा तुकडा २२० वॅट 'सांभाळतो'. प्रश्न इतकाच की तो सांभाळताना किती तापतो.

प्रोसेसरच्या बाजूने तरी हा आकडा स्वच्छ आहे का? तोही नाही. एएमडीचं टीडीपीचं सूत्र २०१९ मध्ये गेमर्स नेक्ससने सविस्तर उलगडून दाखवलं होतं. प्रोसेसरच्या झाकणाचं तापमान वजा कूलरकडे येणाऱ्या हवेचं तापमान, भागिले कूलरचा थर्मल रेझिस्टन्स. रायझन ७ २७००एक्ससाठी त्यातले आकडे ६१.८, ४२ आणि ०.१८९. करून बघा, १०४.८ येतात, म्हणजे डब्यावरचे १०५. यात वीज कुठे आहे? कुठेच नाही. सूत्र सांगतं की अशा हवेत असं तापमान राखायला कूलर कसा लागेल. तो प्रोसेसर प्रत्यक्षात सॉकेटमधून १४२ वॅटपर्यंत घेऊ शकतो. इंटेलच्या आय५ १२४०० वर ६५ वॅट लिहिलेलं असतं, ती मूळ वेगाची शक्ती. टर्बोमध्ये कमाल मर्यादा ११७. म्हणजे एका डब्यावरचे ६५ आणि दुसऱ्या डब्यावरचे ६५ एकमेकांचे नातेवाईकसुद्धा नाहीत.

जाता जाता एक गंमत. त्या सूत्रातली हवा ४२ अंशांची धरली आहे. विदर्भातल्या वाचकाला हा आकडा कुठल्याही चार्टपेक्षा जवळचा वाटेल!

संशोधनाच्या भाषेत हा व्याख्येचा प्रश्न. दोन पेपरमध्ये एकच शब्द आहे म्हणून मोजलेली गोष्ट एकच आहे असं नाही. 'ताण', 'साक्षरता', 'उत्पन्न', 'कार्यक्षमता', कुठलाही शब्द घ्या. आधी बघा, तो मोजला कसा.

प्रश्न तिसरा : तुलनेत कोण नाही?

मला आलेल्या व्हिडिओत बारा कूलर होते. जो कूलर ज्युनियरला फुकट मिळणार होता, तोच नव्हता.

विचार करा. त्याचा खरा प्रश्न होता, 'फुकटच्याऐवजी काही विकत घ्यावं का?' आणि व्हिडिओ उत्तर देत होता, 'विकतच्या बारांमध्ये पुढे कोण?' कंट्रोल नसलेला प्रयोग म्हणतात तो हा. बारा औषधं एकमेकांशी तोलली आणि औषध न घेतलेला गट ठेवलाच नाही, तर औषध घ्यावं की नाही ते कसं कळणार?

दुसरा एक कंट्रोल तर कुठल्याच चार्टवर दिसत नाही, तो म्हणजे शून्य रुपयांचा उपाय. बऱ्याच एएमडी मदरबोर्डच्या बायोसमध्ये इको मोड असतो. ६५ वॅटवाल्या चिपला तो ४५ वॅटच्या वर्गात बसवतो, प्रत्यक्ष मर्यादा साधारण ६० वॅटच्या घरात येते. आता वरचा हिशोब पुन्हा करा : ६० गुणिले ०.७५, म्हणजे ४५ अंश चढणार. ४५ अंशांच्या हवेत चिप ९० वर. काठावर का होईना, फुकटचा कूलर पास!

वेग पडत नाही का? पडतो. पण वीज जेवढी कमी झाली त्या प्रमाणात नाही. शेवटचे थोडेसे मेगाहर्ट्झ मिळवायला व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि व्होल्टेज वाढलं की वीज त्याच्या वर्गाने वाढते. म्हणजे वरचे ते वॅट सगळ्यात कमी काम करणारे वॅट असतात. सोडताना फार दुःख नको.

प्रश्न चौथा : पंखा किती जोरात फिरत होता?

दोन कूलर तोलताना एकाचा पंखा मिनिटाला १२०० फेरे मारतोय आणि दुसऱ्याचा १८००, तर आपण कूलर तोलतोय की पंख्याचा वेग? जोरात फिरणारा पंखा जास्त हवा ढकलतो, जास्त थंड करतो आणि जास्त बोंबलतो. पंख्यांचा एक ठोकताळा आहे : वेग दुप्पट केला की आवाज साधारण १५ डेसिबलने वाढतो. डेसिबलमध्ये १० ची वाढ कानाला जवळपास दुप्पट मोठी वाटते. म्हणजे हिरव्या पट्टीतला तो 'विजेता' रात्री दोन वाजता तुमच्या उशाशी मिक्सरसारखा घरघरत असू शकतो, आणि चार्टवर त्याचा पत्ताही नसतो.

याला उपाय आहे, आणि चांगले चाचणीकार तो करतात. सगळ्या कूलरचा आवाज एकाच पातळीवर आणायचा आणि मग तापमान बघायचं. तुम्ही याला कन्फाउंडर नावाने ओळखता. ज्याचा परिणाम तपासायचा नाही, ते घटक सगळ्यांना सारखे करा. करता येत नसतील तर निदान लिहा.

प्रश्न पाचवा : किती वेळा?

माझ्या मते हा सगळ्यात दुर्लक्षित प्रश्न. कूलर बसवणं हे हाताचं काम आहे. थर्मल पेस्ट किती लावली, कशी पसरली, स्क्रू किती आवळले, कोणत्या क्रमाने आवळले, यावर तापमान हलतं. तोच कूलर काढून पुन्हा बसवला तरी आकडा हुबेहूब तोच येईल याची खात्री नाही. त्यात सकाळी दहाला मोजलेला कूलर आणि दुपारी तीनला मोजलेला कूलर, मधल्या वेळात खोली एक-दोन अंशांनी सरकलेली.

मग चार्टवर ६१.२ आणि ६२.० असे दोन आकडे, आणि त्यावरून चौथा क्रमांक, पाचवा क्रमांक! दशांशानंतरचा तो आकडा बघून आपल्याला अचूकतेचा भास होतो. किती वेळा बसवून मोजलं ते लिहिलं नसेल, आकड्यांची पसरण दाखवली नसेल, तर एक-दोन अंशांच्या फरकाला मी तरी फरक म्हणत नाही. असे चार-पाच कूलर सगळे एकाच क्रमांकावर आहेत असं समजायचं आणि त्यातला जो स्वस्त, उंचीत बसणारा आणि वॉरंटीवाला, तो उचलायचा.

प्रश्न सहावा : तापमान हेच हवं होतं का?

इथे खरी मेख आहे. मला कमी तापमान हवं होतं का? नाही. मला माझे रन वेळेत आणि मधे न मरता संपायला हवे होते, आणि रात्री झोप हवी होती. तापमान हे त्याचं मोजायला सोपं असलेलं माप, म्हणजे प्रॉक्सी. मर्यादेच्या वर जात असाल तोवर ते कामाचं माप आहे, कारण तिथे चिप वेग तोडते. मर्यादेच्या पुरेसं खाली आलात की त्याचा कामाशी संबंध विरळ होत जातो. रायझनसारखी चिप थंडाव्यात थोडी जास्त उत्साहाने धावते हे खरं, पण ७६ वॅटची मर्यादा आली की तिथेच थांबते. मग ६० वर थांबली की ५६ वर, थीसिसला काय त्याचं?

माझ्या बाबतीत झालं ते हेच. मी प्रॉक्सी सुधारली आणि काम जिथल्या तिथे राहिलं. काम अडलं होतं रॅममुळे.

संशोधनात हे इतक्या वेळा दिसतं की सांगायची सोय नाही. मॉडेलची अचूकता वाढवायची आणि ज्या निर्णयासाठी मॉडेल बनवलं त्यात काहीच बदल नाही. विद्यार्थ्यांचे गुण वाढवायचे आणि त्यांना विषय आला का ते बघायचंच नाही. माप सुधारलं की लगेच टाळ्या वाजवू नका. ज्यासाठी मापत होतो ते सुधारलं का, ते विचारा.

मग त्या ज्युनियरला काय सांगितलं?

नुसती टीका करून मोकळं व्हायचं नाही, असा या लेखांचा नियम आहे. मी त्याला हे लिहून पाठवलं :

रॅम ३२ च ठेव. तुझं मॉडेल रॅममध्ये मावलं नाही तर जगातला कुठलाही कूलर तुला वाचवणार नाही.

प्रोसेसरसोबत येणारा कूलर लाव आणि आधी मोज. तुझं स्वतःचं काम लाव, सिनेबेंच नको. अर्धा-पाऊण तास चालू दे. तापमान, कोरचा वेग आणि रन संपायला लागलेला वेळ, तिन्ही लिही. खोलीचं तापमान बाजूला लिहायला विसरू नकोस. दोन-तीनदा कर.

तापमान मर्यादेला टेकून वेग पडत असेल तर इको मोड लाव आणि पुन्हा मोज. पुरलं? संपला विषय.

नाहीच पुरलं, किंवा आवाजाने डोकं उठलं, तर साधा सिंगल टॉवर घे. १२० मिलिमीटरचा एक पंखा, चारेक हीटपाइप. तुझ्या वॅटला तो बक्कळ झाला. घेण्याआधी दोन आकडे जुळव : कूलरची उंची, आणि कॅबिनेटच्या माहितीपत्रकात दिलेली कूलरच्या उंचीची मर्यादा. पुढच्या बाजूने रॅमच्या पट्ट्यांना अडतो का तेही बघ. हे मी स्वतःच्या खिशातून शिकलेय.

आणि मे महिन्यात मोठे रन रात्री लाव. दुपारी लावायचेच असतील तर खोलीतला कूलर चालू ठेव, तो टाकीवाला! खोली आठ अंशांनी उतरली तर चिपही जवळपास तेवढीच उतरते. चार्टवरच्या पहिल्या आणि पाचव्या क्रमांकात तेवढा फरक नसतो. दमट हवेने मशीनमध्ये पाणी साचेल अशी भीती घरचे घालतील. चालू मशीनमधले भाग हवेपेक्षा गरम असतात, त्यांच्यावर दव धरत नाही. फक्त कूलरचे तुषार थेट कॅबिनेटवर येतील असं ठेवू नकोस.

माझ्या टीकेची मर्यादा

आता तुम्ही माझ्यावर हेच सहा प्रश्न रोखाल, आणि रोखायलाच हवेत.

माझं सूत्र सरळ रेषेचं आहे. वास्तवात चिप गरम झाली की तिची गळती वाढते, पंखा वेग बदलतो, त्यामुळे थर्मल रेझिस्टन्ससुद्धा एक ठाम आकडा राहत नाही. माझे ०.७५, ०.५० आणि ०.४५ धरलेले आहेत, तुमच्या मशीनवर वेगळे येतील. माझा अनुभव एका मशीनचा, एका प्रकारच्या कामाचा. म्हणून तर म्हणतेय, मोजा.

शिवाय त्या रिव्ह्यूची बाजूही आहे. ज्याच्याकडे खरोखर २०० वॅटचा प्रोसेसर आहे, त्याला तो चार्ट अगदी थेट उत्तर देतो. ज्याच्या प्रोसेसरसोबत कूलर येतच नाही, उदाहरणार्थ रायझन ७ ५८००एक्स किंवा इंटेलचे के-वाले, त्याला 'फुकटचा लावून बघ' हा माझा सल्ला निरुपयोगी आहे. म्हणजे रिव्ह्यू वाईट नाही. तो दुसऱ्या कोणाच्या तरी प्रश्नाचं चांगलं उत्तर आहे. माझा आग्रह इतकाच की त्या उत्तरावर प्रश्नही लिहिलेला असावा. कोणती खोली, किती वॅट, किती वेळा, किती आवाजात. चार ओळी लागतात. त्या चार ओळी नसतात म्हणून कुणाची तरी १६ जीबी रॅम जाते.

गृहपाठ

तुमच्या विषयातला एक पेपर घ्या, ज्यातली पद्धत तुम्ही वापरायचं ठरवलंय असा. एका कागदावर सहा ओळी लिहा : अटी कोणत्या, शब्दांची व्याख्या काय, कंट्रोल कोण, कोणता घटक सारखा ठेवला नाही, किती वेळा केलं, आणि मोजलं ते नेमकं कशाची प्रॉक्सी आहे. निकालाचा तक्ता त्यानंतरच बघा. दोन ओळी कोऱ्या राहिल्या तरी घाबरू नका. तुमच्या प्रपोजलमधला 'संशोधनातली उणीव' हा परिच्छेद बरेचदा त्याच कोऱ्या ओळींतून निघतो.

ज्युनियरचं उत्तर आलंय, बरं का. रॅम ३२ घेतली. कूलर डब्यातलाच लावलाय. खाली एक ओळ : "ताई, खोलीचं तापमान मोजायला थर्मामीटर घ्यावा लागेल. कोणता घेऊ?"

त्याला म्हटलं, आधी सांग, कशासाठी मोजणार आहेस आणि किती अंशांची चूक चालेल.

भेटू पुढच्या लेखात.